मतदानाच्या सकाळची सात मिनिटं

गावात आजही कोणालाही विचारा. एकजण सांगेल, म्याडमनं इंजेक्शन देल्लं अन् बाबा गेले. दुसरा सांगेल, म्याडमनं साधी सलाईन भी लावली नाई, म्हणून गेले. हे दोघं एकाच ओट्यावर बसून एकाच पुडीतली सुपारी खात असतात, आणि आपण एकमेकांच्या उलट बोलतोय हे दोघांच्याही गावी नसतं. त्यातला एखादा संध्याकाळी गुडघा धरत माझ्याच दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "म्याडम, चांगली सुई द्या. गोळ्यानं नाई थांबत."

मी इंजेक्शन दिलं नव्हतं. सलाईन लावली नव्हती, कारण लावायचीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला हा प्रकार, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. पण संन्यासीही काही तितका धुतल्या तांदळासारखा नव्हता, आणि आज लिहायला बसले आहे ती तेवढ्यासाठीच.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं. बाजाराला अमडापूर, मोठ्या दुखण्याला चिखली, त्याहून मोठ्याला बुलढाणा. मी इथं दवाखाना टाकला त्याला तीस वर्षं होतील. बाईमाणूस डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, एवढंच लोकांना ठाऊक. पहिले दोन-तीन महिने एक पुरुष पायरी चढला नाही. सर्दी-पडसं झालं तरी बाप्ये अमडापूरला जायचे आणि बायकोला माझ्याकडे पाठवायचे. मी खुर्चीत बसून माशा मारायची आणि चिडायची. चिडायची सवय मला जन्मापासूनची आहे.

पहिला पुरुष आला तो शाळेचा शिपाई. त्याच्या पाठीवर लिंबाएवढं केसतूड झालं होतं. आत टेबलावर झोपा म्हटलं तर म्हणाले, "आत नाई, बाई. बाहीरच्या बाकावर फोडा. लोकं पाह्यतील, मंग येतील." भर दुपारी, बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उघड्या पाठीनं बसले. मी चिरा दिला, पू काढला, पट्टी केली. माणूस हूं की चूं करत नव्हता. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगत होता, "या या, पाहा. हात हलका हाय." दुसऱ्या दिवशी दोघंजण आले. आठवड्यात बाक भरला. गाव त्यांना बाबा म्हणायचं, मी काका म्हणू लागले ते तेव्हापासून, आणि त्यांच्या बायकोला काकू.

गावानं माझ्याविषयी एक म्हण केली आहे. म्याडमच्या हाताले गुण हाय, तोंडाले नाई. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. पथ्य न पाळणाऱ्याला मी झापते, बीपीची गोळी मध्येच सोडणाऱ्याला दारातून परत पाठवते, "ग्यास झाली" म्हणून छातीचं दुखणं चार दिवस अंगावर काढणाऱ्याला तर मी काय बोलते ते इथं लिहिता येणार नाही. लोक हसतात, मान खाली घालतात आणि ऐकतात. मला वाटायचं, माझं तोंड हेही एक औषधच आहे.

आता माझ्या मताविषयी सांगायला पाहिजे.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही बौद्ध. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईला विहिरीवर लांब उभं राहून, कोणी पाणी वाढील म्हणून वाट पाहावी लागायची. मतदानाच्या दिवशी वडील पहाटे अंघोळ करत, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालत आणि रांगेत उभे राहत. पुढं पाटील, मागं दुकानदार, मधे आमचे बाबा. घरी आले की शाई लावलेलं बोट आम्हा पोरांना दाखवत. माझं मतदानाचं वय झालं तेव्हापासून मी एकही मतदान चुकवलं नव्हतं. एकदा तर ताप अंगात घेऊन गेले होते.

आणि एक दिवस यादीतून माझं नाव गेलं. मुलीच्या बाळंतपणाला मी दोन महिने नागपूरला होते. घरोघर यादी तपासायला कोणीतरी आलं, दवाखान्याला कुलूप दिसलं, शेजारच्यांना विचारलं. शेजारच्यांनी सांगितलं, म्याडम नागपूरले गेल्या. झालं! लिहून मोकळे, स्थलांतरित. मी परत आले, दवाखाना उघडला, रोज ऐंशी माणसं माझ्या पायऱ्या चढतात, आणि सरकारच्या लेखी मी गाव सोडलेली. फॉर्म भरला. लाइटबिल जोडलं, आधारकार्ड जोडलं, फोटो चिकटवला. पुढच्या यादीत नाव नाही. पुन्हा फॉर्म भरला. त्याच्या पुढच्या यादीत माझ्या नावाची एक बाई आली, पण तिचं वय सत्तावीस आणि ती पुरुष होती. ते दुरुस्त करा म्हणून अर्ज केला तर तेही नाव गेलं. तहसीलमध्ये मी मतदान ओळखपत्र टेबलावर आपटून विचारलं, "हे कोणाचं आहे मग?" निवडणूक शाखेतला कारकून शांतपणे म्हणाला, "म्याडम, कार्ड असून उपयोग नाही. यादीत नाव पाहिजे." म्हणजे माणूस समोर उभा आहे, हातात सरकारचंच कार्ड आहे, तरी तो नाही. तोंड आहे म्हणून भांडले. दोन वर्षं भांडले.

अशात ग्रामपंचायत लागली.

ग्रामपंचायतीचं मतदान म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. तिथं लाखाच्या फरकानं निवडून येतात. इथं एका वॉर्डात तीन-चारशे मतं, आणि निकाल कधी पाच मतांनी, कधी दोन. म्हणून एकेक मत उचलून आणतात. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा, जालन्याला दिलेली पोरगी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळ्यांसाठी गाड्या सुटतात. त्या दिवशी गावात भाड्याची एक गाडी मोकळी सापडत नाही. काकांचा मुलगा आमच्याच वॉर्डातून सदस्याला उभा होता. त्याची स्वतःची गाडी पहाटेच पाच मतं आणायला साखरखेर्ड्याला गेली होती.

मतदान सुरू होऊन तासभर झाला असेल. मी सकाळपासून तहसीलला फोन लावत होते, शेवटची आशा म्हणून. पुरवणी यादीत तरी माझं नाव आहे का, एवढंच विचारायचं होतं. कोणी उचलत नव्हतं. तेवढ्यात मोटरसायकलवर मधे बसवून मुलानं काकांना आणलं. मागं काकू चालत आल्या. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. चेहरा घामानं भिजलेला. मला पाहून म्हणाले, "काई नाई बाई, ग्यास झाली. एक सुई टोचा, मंग जातो मत टाकाले."

मी पट्टी काढली. म्हणजे ईसीजी. कागद मशीनमधून बाहेर येत होता तेव्हाच मला कळलं. मी त्यांना गोळ्या चावून खायला लावल्या, जिभेखाली एक ठेवली, बाकावर आडवं केलं आणि मुलाला सांगितलं, "हार्ट अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता चिखली."

तो म्हणाला, "सुई तं द्या ना म्याडम. सलाईन लावा एक, ताकद येईन."

"सलाईननं जीव जाईल," मी ओरडले. "डॉक्टर तू आहेस का मी?"

"गाडी नाई म्याडम. फोन लावतो, पण अर्धा-पाऊण तास तं लागनच."

"स्वतःला मतं पडावीत म्हणून तीन दिवस गाड्या फिरवल्या, बापाला न्यायला एक नाही!" हे मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. त्याचा चेहरा पडला. काकू दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेला. काका मात्र झोपल्या झोपल्या हसले. म्हणाले, "बोलू द्या. म्याडम बोलल्याबिगर दवा लागत नाई."

मी त्यांना म्हटलं, "काका, उठायचं नाही. पाय खाली टेकवायचा नाही. समजलं?"

"समजलं," ते म्हणाले. "पन माहं एक मत हाय, बाई. तीस वर्सं त्या शाळेचं कुलूप मी खोललं. मतदानाचे बाक मी मांडले, माठ मी भरले. दुसऱ्याईचं मत व्हत राह्यलं, मी पाह्यत राह्यलो. आज पोरगा उभा हाय."

"जिवंत राहिलात तर पुढच्या वेळेला टाका," मी म्हटलं आणि आतल्या खोलीत गेले. रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. सगळं सांगितलं. गाडी निघाली, अर्धा तास लागेल म्हणाले. चिखलीच्या डॉक्टरला सांगून ठेवलं. मी फोन ठेवला आणि बाहेर जायला वळले.

तेवढ्यात फोन वाजला. तहसीलचा नंबर.

आता हे मी कसं सांगू? बाहेर बाकावर माझा माणूस झोपला होता. त्याचं हृदय कधीही थांबू शकतं हे तिथं फक्त मला माहीत होतं. एकशे आठ येईपर्यंत त्याच्याजवळ बसणं, नाडी पाहणं, त्याला उठू न देणं, हेच माझं काम होतं. आणि मी फोन उचलला. वाटलं, अर्ध्या मिनिटात हो किंवा नाही कळेल. कारकून म्हणाला, नाव नाही. मी म्हटलं, दोन अर्जांच्या पावत्या आहेत माझ्याकडे. तो म्हणाला, पावती म्हणजे नाव नव्हे. मग माझं डोकं सरकलं. मी त्याला यादी, कुलूप, नागपूर, सत्तावीस वर्षांचा पुरुष, सगळं सगळं पुन्हा ऐकवलं. माझ्या वडलांचा पांढरा सदरासुद्धा ऐकवला, बिचाऱ्याला काय त्याचं! माझा आवाज रस्त्यापर्यंत जात असणार. तो शेवटी म्हणाला, "म्याडम, मी काय करू, मी यादी बनवत नाही." मी फोन आपटला.

बाहेर आले तर बाक रिकामा. खाली काकांच्या चपला होत्या.

सिस्टर इंजेक्शनच्या खोलीत एका लेकराला धरून होती. तिनं पाहिलं नाही. रस्त्यावरच्या एकानं सांगितलं, "खुर्चीवर बसवून नेलं म्याडम, शाळेत. दोन मिन्टात आनतो म्हने."

मी धावले. शाळा दवाखान्यापासून दोनशे पावलांवर आहे. या वयात मी कधी धावले नव्हते.

आतलं मला नंतर कळलं. रांगेनं त्यांना वाट दिली. बोटाला शाई लावली. ग्रामपंचायतीला एक बटण दाबून भागत नाही. सरपंचाचं वेगळं, सदस्यांची वेगळी, आणि सगळी दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही. कितीतरी म्हातारी माणसं एकच बटण दाबून बाहेर येतात आणि मशीन अडून राहतं. काका हे दुसऱ्यांना समजावून सांगायचे. त्या दिवशी त्यांनाच आतून हाक मारून सांगावं लागलं म्हणे, बाबा, अजून एक राह्यलं. ते पुठ्ठ्याच्या आडोशाला एका हातानं टेबल धरून उभे होते. मग मशीन वाजलं. ते आपल्या पायांनी चालत बाहेर आले, व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि कलंडले.

मी पोहोचले तेव्हा नाडी नव्हती. मी त्यांना फरशीवर उताणं केलं आणि छाती दाबायला लागले. जोरात दाबावी लागते. बरगडी मोडली तरी चालते, थांबायचं नसतं. गावानं हे कधी पाहिलेलं नव्हतं. मागून बायका ओरडायला लागल्या, "अवं मारून राह्यली ना थे! मेल्या माणसाले बुक्क्या मारून राह्यली!" मुलानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. "काऊन मारता म्याडम माह्या बापाले? काऊन मारता?" मी त्याला शिवी दिली. पुन्हा गेले, पुन्हा दाबायला लागले. त्यानं पुन्हा ओढलं, आणि या वेळी आणखी दोघं होते. एकशे आठ आली तेव्हा मी शाळेच्या भिंतीला टेकून बसले होते. रांग मोडली नव्हती. ती थोडी बाजूला सरकली आणि पुढं चालू राहिली.

लोकांना काय दिसलं? सकाळी माणूस चालता-बोलता दवाखान्यात गेला. म्याडमनं काहीतरी दिलं. मग म्याडमनं छातीवर बुक्क्या मारल्या. माणूस मेला. दोन दिवसांनी निकाल लागला. दोन्ही उमेदवारांना सारखी मतं. चिठ्ठ्या टाकल्या, शाळेतल्या एका पोरीला एक उचलायला लावली, आणि काकांचा मुलगा पडला. बरोबरी झाली ती बापाच्या मतानं, आणि ते सगळं एका चिठ्ठीवर गेलं. माझं मत असतं तर कदाचित चिठ्ठी लागली नसती, हेही लोक बोलले. काही म्हणाले, म्याडमनं मुद्दाम नाव काढून घेतलं, कोणाचाच वाईटपणा नको म्हणून. मला हसू आलं. दुसरं काय येणार!

त्या दिवसानंतर मी फोन काढून पाहिला. फोनमध्ये सगळं राहतं. एकशे आठशी बोलणं एक मिनिट. चिखलीच्या डॉक्टरशी एक मिनिट. तहसीलशी सात मिनिटं.

मी बाहेर असते तर काका वाचले असते का? छातीठोक सांगत नाही. अटॅक मोठा होता. एकशे आठमध्येही गेले असते कदाचित. पण ते बाकावरून उठले नसते. हे मी कोणाला सांगितलं नाही. गाव इंजेक्शन इंजेक्शन करत होतं, मी नाही नाही करत होते, आणि आतून मला ते इंजेक्शनचं खोटं बरं पडत होतं. खोट्या आरोपाला खरेपणानं नाही म्हणता येतं. खऱ्या आरोपाला काय म्हणणार होते मी?

गेल्या महिन्यात काकू आल्या. बीपीची गोळी संपली होती. मुलगा येत नाही, पण त्या कधी यायच्या थांबल्या नाहीत. पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. "हे भरून देता का बाई? त्याईचं नाव अजून यादीत हाय म्हने. अंगणवाडीच्या बाईनं देल्लं. कमी करा लागते."

नाव वगळण्याचा फॉर्म. माझं नाव काढताना कोणी कसला फॉर्म भरला असेल देव जाणे, पण वर्षभरापूर्वी गेलेल्या माणसाचं नाव यादीत शाबूत होतं. मी त्यांचं नाव लिहिलं, वॉर्ड लिहिला. कारणाच्या रकान्यात मयत लिहायचं होतं. पेन तिथं थांबलं ते थांबलंच.

"काकू," मी म्हटलं, "मी इंजेक्शन दिलं नव्हतं."

"मले माईत हाय."

"पण मी आत फोनवर होते. काकांसाठी नाही. माझ्या मतासाठी. सात मिनिटं. मी बाहेर असते तर..." तीस वर्षं ज्या खुर्चीत बसून मी गावाला झापलं त्याच खुर्चीत मी रडायला लागले.

काकूंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "थे भी माईत हाय. मी दारातच व्हती, बाई. पोरगा म्हने, खुर्ची आनतो, तू म्याडमले इचारून ये, नेऊ का म्हून. मी दारात आली. तुमी फोनवर भांडून राह्यल्या व्हत्या. लय रागात व्हत्या. म्या म्हटलं, आता इचारलं तं आपल्यावरच खेकसतीन. जराक आवाज कमी झाला का इचारू." त्यांनी बांगड्या वर सारल्या. "उभीच राह्यली मी. मंग पोरानं उचललंच."

म्हणजे मला विचारायला काकू आल्या होत्या. दारापर्यंत आल्या होत्या. माझ्या तोंडाच्या भीतीनं ते शब्द बाहेर आले नाहीत. आत यायची हिंमत झाली असती तर मी एका क्षणात नाही म्हटलं असतं.

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कोनाले सांगू? लोकं सुईचं बोलून राह्यले, बोलू द्या. चार दिस बोलतीन अन् पुन्हा सुई घ्यालेच येतीन. हे आयकलं तं येनार नाईत." त्यांनी हात टेबलावर ठेवला, बीपी पाहण्यासाठी. "अन् मंग माही गोळी कोन लिवन?"

मी रकान्यात मयत लिहिलं. मग त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, मी काही बोलते का म्हणून.